एक्केचाळीस ठिपके

४ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढते आहे, कारण पहिल्या दोन मसुद्यांत सवयीने तुला आशीर्वाद गेले होते.

सतरा वर्षे आपल्यात पत्र नाही, फोन नाही. तू सिनेमासाठी घर सोडलेस, मी तुझा विषय सोडला, आणि दोघांचेही उत्तम चालले होते. आता तुझी दहा भागांची मालिका घरोघरी चालू आहे. औषधांच्या दुकानातला माणूस गोळ्या मोजता मोजता मला विचारतो, "बाई, ते तुमच्याच कोर्टातलं ना? दाताच्या डॉक्टरचा खून?" मी त्याला आधी गोळ्या नीट मोजायला सांगितले. मग घरी येऊन पहिले दोन भाग पाहिले. दोन्ही वेळा वही-पेन्सिल घेऊन बसले होते.

प्रारंभीच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात : सत्य घटनेवर आधारित. भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस त्या घराचा मालक होत नाही. तुझ्या मालिकेचा आधार एवढाच आहे.

न्यायाधीशांच्या हाती तू लाकडी हातोडा दिला आहेस आणि ते तो दर तीन मिनिटांनी आपटतात. त्या खटल्यातले न्यायाधीश फार तर चष्म्याच्या काडीने टेबलावर दोनदा टकटक करीत, तेही पंख्याची घरघर वाढली तर. तुझे सरकारी वकील साक्षीदाराभोवती घिरट्या घालतात. आमच्या दालनात दोन बाकांमधून एक माणूस आडवा होऊन जेमतेम जाई. घिरट्या घालायच्या तर त्यांना खिडकीतून बाहेर पडावे लागले असते.

आता माझ्याविषयी. न्यायालयातली लघुलेखिका म्हणून तू एक लाल नखांची, च्युइंगम चघळणारी मुलगी बसवली आहेस. ती साक्ष रंगात आली की टाइप करायचे थांबते आणि तोंड उघडे टाकून ऐकते. मी त्या खुर्चीवर एकतीस वर्षे बसले. माझ्या साक्षपत्रांत एकही खाडाखोड नाही, आणि हे मी नव्हे, तीन जिल्हा न्यायाधीशांनी लिहून दिलेले आहे. एक गोष्ट शिकून घे, पुढच्या वेळी कामी येईल : लघुलेखकाचा हात थांबत नाही. बोलणे थांबले तरी थांबत नाही.

उरलेले भाग पाहीन. कर्तव्य म्हणून.

नात्याने ताई

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा निरोप फोनवर मिळाला. "ताई, पत्र कसलं पाठवतेस, फोन कर ना! तुझं अक्षर बघून शाळेतली वही तपासून आल्यासारखं वाटलं." तसे वाटणे योग्यच आहे. वही अजून तपासून झालेली नाही.

सहा भाग पाहून झाले.

लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर तू असा दाखवला आहेस की त्याला पाहताच तान्हे मूलही रडेल. डोळ्यांखाली काळे, मानेवर व्रण, लिफ्टच्या बोगद्यात अंधारात बसून तो वरच्या मजल्यावरच्या बायकांची पावले ऐकतो. खुनी लांबूनच ओळखू यावा ही प्रेक्षकांची सोय तू फार मनोभावे पाहिली आहेस. नऊ दिवस तो माणूस माझ्यापासून सात फुटांवर बसत होता. त्याचे नाक किंचित बसके होते, आणि दर सकाळी तो खिशातून रुमाल काढून चार घड्या घालून मांडीवर ठेवीत असे. दुपारनंतर तो रुमाल उलगडून पुन्हा त्याच घड्या घाली. त्याच्यात पाहण्यासारखे एवढेच होते. यावर कोण दहा भाग काढणार?

सफाईवालीचे तर तू सोने केलेस. पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई. त्या दिवशी दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट बंद म्हणून जिना पुसत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला कारागिरांच्या निळ्या कपड्यांतला एक माणूस खाली उतरताना पाठमोरा दिसला. खटल्यात आरोपीला ओळखणारी ती एकमेव साक्षीदार. तिच्या जागी तुझ्याकडे पंचविशीची नटी आहे आणि जिना पुसतानाही तिचे केस सुटलेले आहेत. नाचता येईना तर अंगण वाकडे असते. तुझ्याकडे अंगणच भाड्याचे आहे.

हे सारे मी हसण्यावारी नेले असते. परंतु परवा डॉक्टरांची बायको मला भाजीच्या दुकानात भेटली. आता केस पूर्ण पांढरे. ती मला ओळखेल असे वाटले नव्हते. माझी पिशवी धरून म्हणाली, "बाई, तुम्ही रोज तिथं खाली बसून लिहायचात ना? माझ्या मुलीनं ते सगळं बघितलं हो. आता ती मला विचारते, आई, बाबांचं खरंच त्या नर्सबरोबर काही होतं का? खरं सांगा, असं काही निघालं होतं का कोर्टात?"

मी म्हणाले, "नाही. दोनशे चौदा पानांत तसा एक शब्दही नाही."

"नक्की?"

"ती पानं मी लिहिली आहेत."

तिने माझा हात दाबला आणि "मग झालं," म्हणाली. त्या नर्सचे प्रकरण तू कुठून आणलेस? चौथा भाग लांबेना म्हणून? डॉक्टर दुपारी एकटे बसून डबा खात आणि रुग्णांना भूल देताना स्वतःच डोळे मिटून घेत. हे साक्षीत आहे. यापेक्षा चांगले तुझ्या बापजन्मात तुला सुचणार नव्हते, आणि ते तू वगळलेस.

नात्याने ताई

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

"एवढं सगळं चुकलं म्हणतेस ताई, मग आठव्या भागाबद्दल गप्प का?" हा तुझा निरोप आगाऊपणाचा आहे. आठवा भाग मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. आता पाहिला आहे. त्याआधी एक प्रसंग घडला तो सांगते, कारण त्याला तूच जबाबदार आहेस.

शनिवारी सकाळी दारात एक वकीलबाई उभी. तिशीची. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. म्हणाली, "लिफ्टवाल्याचा फेरविचाराचा अर्ज लागलाय. पाच मार्चला सुनावणी. हा शेवटचा आहे. हा फेटाळला की तो तुरुंगातच म्हातारा होणार. पाच मिनिटं द्याल का?"

मी तिला पायपुसण्याकडे बोट दाखवले आणि आत घेतले.

"बाई, आठव्या भागात ती सफाईवाली ओळख पटवायच्या आधी गप्प बसते. खूप वेळ. ते खरंच घडलं होतं का?"

"वकिलीची सनद हल्ली मालिका बघून मिळते का?"

"मिळाली असती तर बरं झालं असतं, माझी सहा वर्षं वाचली असती." तिला राग येत नाही. तो एक गुण आहे. "पण लिहिणारा तुमचा सख्खा भाऊ आहे. तेव्हा तो तुमच्याकडेच राहत होता म्हणे."

"भाऊ आहे म्हणूनच सांगते. लहानपणी तो रोज शाळेतून येताना वाघ बघून यायचा."

ती हसली. मग पिशवीतून तिने एक पुस्तिका काढली. मी ओळखली, न ओळखून चालणार नव्हते. लघुलेखकांच्या प्रशिक्षणासाठी मीच ती लिहिली आहे आणि आजही तीच वापरतात. तिने पान उघडून वाचले, "नियम चौदा. साक्षीदाराचे मौन दहा सेकंदांहून अधिक लांबल्यास ते कालावधीसह कंसात नोंदवावे. हा तुमचाच ना?"

"पुस्तिका माझी आहे, तर नियम काय शेजारणीचा असेल?"

"नाही, म्हणजे ही आवृत्ती त्या खटल्यानंतर पुढच्याच वर्षीची. आधीच्या पुस्तिकेत हा नियम नाही. मी दोन्ही ओळीनं ताडून बघितल्या."

ओळीने ताडून पाहणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. एरवी मी तिला चहा दिला असता.

"साक्षपत्रात पान एकशे त्रेसष्टवर प्रश्न आहे, तो माणूस इथं आहे का? आणि लगेच उत्तर, होय, तोच. मध्ये काही नाही. मध्ये काही होतं का, बाई? तुमची मूळ लघुलिपीची वही असेल तर..."

मी तिला सांगितले की मध्ये काही नव्हते. मालिकावाल्यांना पोकळी सहन होत नाही, ते तिच्यात काहीतरी भरतात. वह्या नियमानुसार पाच वर्षांनी नष्ट करतात, त्याप्रमाणे केल्या. ती दारात वळून म्हणाली, "त्याची आई गेली मागच्या महिन्यात. त्याला सोडलं नाही शेवटचं बघायला." मी दार लावले. वकिलांनी असले बोलायचे नसते; त्याला पुरावा म्हणत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी आठवा भाग लावला.

व्हायोलिन! माणूस गप्प बसला आहे हे कळावे म्हणून तुम्ही व्हायोलिन वाजवता. नटीच्या डोळ्यांत ग्लिसरीन, पहिल्या बाकावर मिशाळ इन्स्पेक्टर, तो सावकाश मान हलवतो, ही ओठ थरथरवते, लाल नखांची मुलगी टाइप करायची थांबते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तू मोठा करून दाखवतोस, म्हणून मोजणे सोपे गेले. मी ते तीनदा मागे नेऊन मोजले.

तुझे मौन अकरा सेकंदांचे आहे. तेही चूक आहे.

आज यापुढे काही लिहायचे नाही.

ताई

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

एरवी दहा ओळींचा बाष्कळपणा करणाऱ्या तुझ्याकडून या वेळी तीनच शब्द आले : "मग किती होतं?"

एक्केचाळीस.

कुणी अकरा म्हणाले तर मी एक्केचाळीस म्हणणारच. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, आणि तू त्याच्यावर जाळे टाकलेस असे मला आता वाटू लागले आहे. तसे असेल तर तुझ्या साऱ्या मालिकेत बुद्धीचे काम तेवढेच झाले आहे.

वही नष्ट झालेली नाही. लोखंडी कपाटात, टेबलाच्या जुन्या आच्छादनांखाली आहे. बाकीच्या सर्व मी स्वतः यंत्रात घालून फाडल्या. ही ठेवली. का ठेवली हे मी स्वतःला आजवर विचारले नाही.

बोलणे थांबले तरी हात थांबत नाही, असे मी तुला लिहिले होते. हात थांबला की तो जड होतो आणि पुढचे पहिले दोन शब्द निसटतात. म्हणून मी शांततेत ओळीवर ठिपके देत असे, घड्याळाच्या टकटकीला एक. ही माझी खाजगी सवय होती, कुणाला शिकवली नाही. स्वच्छ प्रत काढताना ठिपके गळून पडत. बहुतेक तीन-चार असायचे. त्या पानावर सरकारी वकिलांच्या प्रश्नानंतर एक्केचाळीस आहेत, दोन ओळी भरून. त्यानंतर "होय, तोच".

बचावाचे वकील तेव्हा काय करत होते? कागदांत चष्मा शोधत होते. तो त्यांच्या कपाळावर होता. हे तू घेतले असतेस तर लोकांनी अतिशयोक्ती म्हणून तुला झोडपले असते.

मी वर पाहिले नाही, असे मला लिहायचे होते. परंतु वही समोर ठेवून ते लिहिता येत नाही. पस्तिसाव्या ठिपक्यापाशी ओळ किंचित वर चढते आणि पाच-सहा ठिपके तशीच चालते. माझी ओळ चढत नाही. डोळे कागदावर नसतील तेव्हाच ती चढू शकते. तेव्हा मी पाहिले. सफाईवाली आरोपीकडे पाहत नव्हती, पहिल्या बाकावरच्या इन्स्पेक्टरकडे पाहत होती. त्याने मान वगैरे काही हलवली नाही. तो आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहत होता. माणसाला उशीर होत असला की पाहतो तसे. बाईने ते पाहिले आणि उत्तर दिले. पावणेपाच वाजले होते. उशीर मलाही होत होता.

त्या वेळी नियम चौदा नव्हता, हे खरे. तो नव्हता म्हणून काही अडलेही नव्हते. "साक्षीदार काही वेळ निरुत्तर" असे कंसात लिहिण्याची रीत जुनीच होती आणि मी ती इतर खटल्यांत पाळली आहे. त्या संध्याकाळी प्रत काढताना मी कंस उघडलासुद्धा. मग तो कागद काढून टाकला आणि नवा घातला. ते पान फार सुबक उतरले होते. न्यायाधीशमहाराज म्हणत, "तुमचं साक्षपत्र वाचताना कुठं ठेच लागत नाही." आणि नऊ दिवस रुमालाच्या घड्या पाहून माझे मत झाले होते की एवढा शांत माणूस निर्दोष असूच शकत नाही. तू निदान त्याच्या मानेवर व्रण रंगवलास. मला तेवढीही गरज लागली नाही.

पहिल्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. तू सिनेमासाठी घर सोडले नाहीस. त्या रात्री जेवताना मी तुला गंमत म्हणून सांगितले, आज सफाईवाली थिजलीच. तू विचारलेस, "मग लिहिलंस का तसं?" मी म्हणाले, लिहायचे असतात ते शब्द. तू म्हणालास, "ताई, शब्द तर ती दोनच बोलली. बाकी सगळं तिचं गप्प बसणंच होतं की!" मी तुला, सिनेमाची स्वप्ने पाहणाऱ्या दीडशहाण्याने मला माझे काम शिकवू नये, असे सुनावले. आठवड्याने तू गेलास.

मात्र तुझीही पाठ थोपटणार नाही. तुला माहीत होते आणि तूही सतरा वर्षे गप्प बसलास. माझे मौन मी दडवले. तू तुझे साठवून ठेवलेस आणि भाव आल्यावर विकलेस, तेही अकरा सेकंदांपर्यंत कापून. आपण एकाच आईची मुले आहोत याविषयी कुणाला शंका नसावी.

आज वकीलबाईला फोन केला. म्हटले, वही आहे. ती काही वेळ बोललीच नाही. मी मोजले नाही.

ताई

६ मार्च

धाकट्या,

काल सुनावणी झाली. तू मागच्या बाकावर येऊन बसला होतास हे मला ठाऊक आहे. तोंडावर मफलर गुंडाळल्याने खांदे लपत नाहीत. भेटायला थांबला नाहीस तेही बरे झाले. आता जे घडले ते माझ्याकडून अचूक ऐक.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याची पायरी अजून मोडकीच आहे. एकतीस वर्षे मी तिच्यावरून अडखळणारे साक्षीदार पाहिले आणि मनातल्या मनात त्यांना वेंधळे म्हटले. काल मी अडखळले.

लघुलेखिकेच्या खुर्चीवर माझीच विद्यार्थिनी होती. आता चाळिशीची, यंत्रावर काम करते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. बरोबर केले. तसेच शिकवले होते.

लिफ्टवाला डावीकडे बसला होता. पाठीत वाकला आहे. मांडीवर रुमाल होता, चार घड्यांचा.

वकीलबाईने वही दाखवली, ठिपके मोजून घेतले, चढलेली ओळ दाखवली. मी सर्व सांगितले. सरकारी वकिलांनी विचारले, "सतरा वर्षांनी, भावाची मालिका गाजल्यावरच आठवलं का हो तुम्हाला?" मी म्हणाले, "आठवत होतं तेव्हाही. मालिका भिकार आहे, म्हणून दुरुस्त करावं लागलं." मागे कुणीतरी हसले. बहुधा मफलर.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारले. आवाज चढवला नाही, हातोडा नव्हता. "तुम्ही हे तेव्हाच का नोंदवलं नाही?"

माझ्याकडे उत्तर तयार होते. चार वाक्यांचे, रचलेले, घरी तीनदा उतरवून काढलेले. त्यात रीत, नियम आणि कामाचा ताण हे तिन्ही योग्य क्रमाने येत होते. ते ओठांशी आले आणि मला लिफ्टवाल्याचे हात दिसले. तो रुमाल उलगडत होता. मला बोलता येईना. कठड्यावर माझे बोट आपोआप टकटक करू लागले, घड्याळाबरोबर.

शेवटी मी म्हणाले, "मला वाटलं, तोच असेल."

निकाल राखून ठेवला आहे. बाहेर पडताना लिफ्टवाला मला काही म्हणाला नाही. त्याने काही म्हणावे अशी अपेक्षा करणे हा उद्धटपणा ठरला असता. वकीलबाई म्हणते, आशा आहे. तिच्या दोन्ही नाड्या काल काळ्या होत्या.

आज सकाळी साक्षपत्र वाचून सही करायला गेले. माझ्या विद्यार्थिनीने पान पुढे सरकवले. शेवटच्या प्रश्नाखाली, उत्तराच्या आधी, कंसात स्वच्छ लिहिलेले होते : साक्षीदार निरुत्तर, एकोणीस सेकंद.

"चूक आहे," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "बाई, मी घड्याळ लावून..."

"तू उशिरा मोजायला घेतलंस. माझी दया आली असेल. तेवीस होते."

सही करण्यापूर्वी साक्षीदाराला दुरुस्तीचा अधिकार असतो. मी तिच्याकडून पेन घेतले, एकोणीस खोडले, वर तेवीस लिहिले आणि शेजारी आद्याक्षरे घातली. पान विद्रूप झाले. माझ्या हातून अभिलेखावर झालेली ती पहिली खाडाखोड.

हे चित्रित करू नकोस. केलेच, तर व्हायोलिन नको आणि तेवीसचे तेवीस दाखव. लोक कंटाळतील, कंटाळू देत. डॉक्टरांच्या बायकोकडे मात्र तू स्वतः जायचे आहेस, आणि नर्सचे प्रकरण तूच रचलेस हे तिच्या मुलीसमोर सांगायचे आहेस. पत्ता मागे लिहिला आहे. त्यांच्याकडे कुत्रा आहे. तो चावतो असे ऐकले, म्हणून मफलर घालून जा.

हे पत्र उतरवून काढलेले नाही. हाच पहिला मसुदा आहे, तेव्हा सवयीने जे जाईल ते जाऊ देत.

आशीर्वाद.

ताई